हातात काहीच नसताना बेट का लावतात? पोकरमधली 'सी-बेट' आणि स्पर्धेतलं तिचं गणित

रील्स बघताना पोकरची एखादी क्लिप समोर येतेच. टेबलावर तीन पत्ते उघडतात. गॉगल घातलेला एक खेळाडू शांतपणे चिप्स पुढे सरकवतो. समोरचा थोडा वेळ विचार करतो आणि पत्ते टाकून देतो. मग कॅमेरा दाखवतो की गॉगलवाल्याच्या हातात काहीच नव्हतं! खाली कमेंट्स पडतात, 'काय डेरिंग आहे राव.'

खरं सांगायचं तर यात डेरिंग कमी आणि हिशोब जास्त असतो. या चालीला 'कंटिन्युएशन बेट' किंवा थोडक्यात 'सी-बेट' म्हणतात. पण क्लिपमध्ये न दिसणारी गोष्ट अशी की हीच चाल स्पर्धेत चुकीच्या वेळी लावली, तर खेळाडू थेट घरी जातो. कसं ते समजून घेऊ.

सी-बेट म्हणजे नेमकं काय?

टेक्सास होल्डेम हा पोकरचा सगळ्यात जास्त खेळला जाणारा प्रकार. यात प्रत्येकाला दोन बंद पत्ते मिळतात. बोलीची पहिली फेरी होते. मग टेबलावर सगळ्यांसाठी तीन पत्ते उघडतात, त्याला 'फ्लॉप' म्हणतात. त्यानंतर चौथा पत्ता (टर्न) आणि पाचवा पत्ता (रिव्हर) येतो. प्रत्येक टप्प्यावर बोली लागते.

पहिल्या फेरीत ज्याने रक्कम वाढवली, म्हणजे 'रेझ' केलं, त्याने 'माझे पत्ते चांगले आहेत' असं जाहीर केलेलं असतं. फ्लॉप उघडल्यावर त्यानेच पुन्हा बेट लावली तर ती सी-बेट. म्हणजे आधी सांगितलेली गोष्ट पुढे चालू ठेवणं. मग फ्लॉपने त्याला काही दिलं असो वा नसो.

तीन पत्ती खेळणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथेही सुरुवातीपासून जोरात चाल करणाऱ्याला लोक घाबरून असतातच.

ही चाल लोकप्रिय करण्यात डॅन हॅरिंग्टन यांचा मोठा वाटा आहे. हॅरिंग्टन यांनी 1995 मध्ये वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकली होती. 2004 मध्ये त्यांच्या 'हॅरिंग्टन ऑन होल्डेम' या पुस्तकाचा पहिला खंड आला आणि स्पर्धा खेळणाऱ्या पिढीने सी-बेट त्यातून उचलली.

ही चाल चालते कशामुळे?

समजा तुमच्या हातात वेगवेगळ्या किमतीचे दोन पत्ते आहेत. फ्लॉपवर त्यातल्या एकाची तरी जोडी लागण्याची शक्यता साधारण 32% असते. म्हणजे तीनपैकी दोन वेळा फ्लॉप काहीच देत नाही. हे तुम्हाला लागू आहे, तसंच समोरच्यालाही.

आता पैशांचा हिशोब. ब्लाइंड म्हणजे पत्ते बघण्याआधीच भरावी लागणारी सक्तीची रक्कम. समजा स्मॉल ब्लाइंड 100 आणि बिग ब्लाइंड 200 आहे. बिग ब्लाइंडवाला त्याशिवाय 200 चा अँटी भरतो. तुम्ही 500 ला रेझ केलं, बिग ब्लाइंडने कॉल केला आणि बाकीच्यांनी पत्ते टाकले. पॉट झाला 1300.

तुम्ही 400 ची सी-बेट लावली, तर 400 गमावण्याचा धोका पत्करून 1300 जिंकायला निघाला आहात. हातात काहीही नसलं तरी ही चाल बरोबरीत सुटायला समोरच्याने सुमारे 24% वेळा पत्ते टाकले तरी पुरतं. निम्म्या पॉटची, म्हणजे 650 ची बेट लावली तर हा आकडा 33% होतो. पूर्ण पॉटएवढी लावली तर 50%.

समोरच्याचा फ्लॉप तीनपैकी दोन वेळा हुकतो आणि तुम्हाला चारातून एकदा त्याने माघार घेतली तरी चालतं. सी-बेटचं सगळं गुपित एवढंच.

मग प्रत्येक वेळी का लावत नाहीत?

कारण हुकलेला प्रत्येक जण पत्ते टाकत नाही. कुणाच्या हातात आधीपासून जोडी असते, कुणी रंग किंवा क्रम पूर्ण होण्याच्या वाटेवर असतो. त्यामुळे फ्लॉप कसा आहे हे बघावंच लागतं.

फ्लॉपवर राजा, सत्ती आणि दुर्री आली, तीनही वेगळ्या रंगांची. रेझ करणाऱ्याकडे राजा-एक्का, राजा-राणी असे पत्ते असण्याची शक्यता जास्त. क्रम किंवा रंग जुळण्याची फारशी सोय नाही. इथे छोटी सी-बेट बऱ्याचदा काम करते, तुमच्या हातात एक्का-राणी असली आणि काहीच लागलं नसलं तरी.

आता फ्लॉप अठ्ठी, सत्ती, छक्की असा आला आणि त्यात दोन पत्ते बदामाचे आहेत. बिग ब्लाइंडमधून स्वस्तात कॉल करणाऱ्याकडे नेमके असेच मधले पत्ते जास्त असतात. इथे एक्का-राणी घेऊन बेट लावणं म्हणजे स्वतःहून खड्ड्यात उडी मारणं. शांतपणे 'चेक' करून पुढचा पत्ता बघणं जास्त शहाणपणाचं.

दुसरा मुद्दा, समोर किती जण आहेत? एकाचा फ्लॉप हुकण्याची शक्यता 68% धरली, तर दोघांचाही हुकण्याची ढोबळमानाने 46% आणि तिघांचाही हुकण्याची फक्त 31% उरते. म्हणून गर्दीत ब्लफची सी-बेट जवळपास बंदच ठेवतात.

स्पर्धेत वेगळं काय असतं?

साध्या कॅश गेममध्ये चिप्स संपल्या तर खिशातून पैसे काढून पुन्हा बसता येतं. स्पर्धेत साधारणपणे चिप्स संपल्या की खेळ संपला. शिवाय ब्लाइंड ठरावीक वेळाने वाढत जातात. त्यामुळे सुरुवातीला भरपूर वाटणाऱ्या चिप्स पुढे तोकड्या पडतात.

समजा ब्लाइंड 500/1000 आहेत, अँटी 1000 आहे आणि तुमच्याकडे 12,000 चिप्स आहेत. तुम्ही 2000 ला रेझ केलं, बिग ब्लाइंडने कॉल केला. पॉट 5500. सवयीने तुम्ही निम्म्या पॉटची, 2750 ची सी-बेट लावली. समोरच्याने ऑल-इन केलं.

आता पत्ते टाकले तर एकाच डावात 4750 गेले, म्हणजे जवळपास 40% चिप्स. कॉल करायचा तर उरलेले 7250 लावावे लागतील आणि 28% हून जास्त वेळा जिंकण्याची खात्री हवी. म्हणून चिप्स कमी असताना नियम सोपा आहे. समोरून ऑल-इन आलं तर काय करायचं हे बेट लावण्याआधीच ठरवायचं. उत्तर सापडत नसेल, तर बेट अगदी छोटी ठेवायची किंवा चेक करायचं.

चिप्स आणि बक्षीस एकच नाही

स्पर्धेतली सगळ्यात फसवी गोष्ट ही आहे. समजा तीनच खेळाडू उरलेत. बक्षिसं 50 हजार, 30 हजार आणि 20 हजार. पहिल्याकडे 5000 चिप्स, दुसऱ्याकडे 3000, तिसऱ्याकडे 2000.

चिप्सचं बक्षिसाच्या पैशांत मोल काढण्यासाठी 'आयसीएम' नावाचं गणिती मॉडेल वापरतात. त्यानुसार पहिल्याचा वाटा होतो सुमारे 38,400 रुपये, दुसऱ्याचा 32,750 आणि तिसऱ्याचा 28,850. निम्म्या चिप्स असूनही निम्मं बक्षीस नाही! कारण शेवटच्यालाही 20 हजार मिळणारच आहेत.

आता दुसरा खेळाडू पहिल्याशी भिडला आणि सगळ्या 3000 चिप्स पणाला लागल्या. जिंकला तर त्याचा वाटा 41,000 होतो, म्हणजे 8,250 चा फायदा. हरला तर 20,000 घेऊन बाहेर, म्हणजे 12,750 चं नुकसान. चिप्स तेवढ्याच, पण जिंकण्यापेक्षा हरणं महाग. हा सौदा बरोबरीत सुटायला त्याला जवळपास 61% वेळा जिंकावं लागेल.

म्हणूनच जास्त चिप्सवाला सी-बेट लावतो तेव्हा मधला खेळाडू चांगले पत्तेही टाकून देतो, आणि ते बरोबर असतं. उलट मधल्या खेळाडूने चिप्सच्या राजावर पोकळ सी-बेट लावणं हा सगळ्यात महागडा शौक. बक्षिसाच्या यादीत येण्याच्या अगदी आधीच्या टप्प्यावर, ज्याला 'बबल' म्हणतात, हा दबाव आणखी वाढतो.

आणि हे भारतात खेळता येतं का?

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्याने बंदी घातली, मग तो खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. असे खेळ चालवणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्यांची जाहिरात करणंही गुन्हा आहे. त्यामुळे रीलखाली 'लिंक बायोमध्ये' म्हणत पैशांच्या पोकर अॅपकडे नेणारा कुणी दिसला, तर त्या लिंकपासून लांब राहिलेलं बरं. गोव्यात मांडवी नदीतल्या परवानाधारक कॅसिनोंची गोष्ट वेगळी, तिथे पत्ते समोरासमोर बसून खेळले जातात.

पुढच्या वेळी तशी क्लिप दिसली, की चार गोष्टी बघा. फ्लॉप कसा होता, समोर किती जण होते, दोघांकडे चिप्स किती उरल्या होत्या आणि बक्षिसाचा टप्पा किती जवळ होता. गॉगलवाल्याने ती बेट का लावली, हे तुम्हाला पत्ते न बघताही कळेल. आणि ज्या डावात समोरच्याने पत्ते टाकले नाहीत, त्याची क्लिप तुमच्यापर्यंत सहसा येत नाही, हेही लक्षात असू द्या.