बाजारापासून पातेल्यापर्यंत : व्हॅलेन्सियाचा पाएया आणि आपला मसालेभात

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर व्हॅलेन्सिया नावाचे शहर आहे. तेथे बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी स्वयंपाकाचे छोटे छोटे वर्ग चालतात. आठ-दहा जणांचा गट सकाळी शहराच्या मध्यवर्ती बाजारात जमतो, आचाऱ्याबरोबर फिरून शेंगा, भाज्या, केशर पारखून घेतो आणि मग चुलीपाशी जाऊन त्याच सामानातून एकच पदार्थ करायला शिकतो. त्या पदार्थाचे नाव पाएया. स्पेलिंग पाहून आपण 'पाएला' वाचतो, तिकडे उच्चार 'पाएया' असा करतात. तो बाजारही पाहण्यासारखा आहे. १९२८ साली सुरू झालेली ही लोखंड, काच आणि रंगीत फरशांची इमारत आजही रोजच्या भाजीपाल्यासाठीच वापरली जाते.

गेल्या हिवाळी सुट्टीत आम्ही शाळेतल्या सात मुलामुलींसाठी हीच रीत वापरली. बाजार आपला फ्रीगंजचा, आणि पदार्थ मसालेभात. या उपक्रमाबद्दल पालकांनी बरेच विचारले, आणि "शाळेने स्वयंपाक कशाला शिकवायचा?" असा प्रश्न विश्वस्तांच्या बैठकीतही निघाला. म्हणून तो कसा केला आणि का केला, हे येथे सविस्तर लिहीत आहोत.

आधी पाएयाविषयी. हे नाव मुळात भांड्याचे आहे. लॅटिनमध्ये पसरट भांड्याला 'पातेल्ला' म्हणत, त्यावरून व्हॅलेन्सियाच्या भाषेत कढईला 'पाएया' शब्द आला आणि पुढे तो आत शिजणाऱ्या भातालाही चिकटला. (मुलांना लगेच आपले 'पातेले' आठवले. ऐकायला सारखे वाटते खरे, पण तेवढ्यावरून नाते जोडू नये, असे आम्ही त्यांना सांगितले.) स्पेनमध्ये भातशेती रुजवली ती अरबांनी. स्पॅनिशमधला तांदळाचा शब्द 'आरोझ' आणि केशराचा शब्द 'आसाफ्रान' हे दोन्ही अरबीतूनच आलेले आहेत. व्हॅलेन्सियाच्या दक्षिणेला आल्बुफेरा नावाचे मोठे सरोवर आहे. त्याच्या काठच्या खाचरांत आजही भात पिकतो. शेतावर काम करणारी माणसे दुपारी संत्र्याच्या लाकडांवर ही पसरट कढई चढवत, हाताशी असेल ते त्यात घालत आणि कढईभोवती बसून लाकडी चमच्यांनी तिच्यातूनच खात. तिकडच्या पारंपरिक पाएयात कोंबडी व सशाचे मांस असते. त्याबरोबर चपट्या हिरव्या शेंगा, 'गार्रोफो' नावाचे मोठे पांढरे वाल, टोमॅटो, ऑलिव्ह तेल आणि केशर. नुसत्या भाज्यांचाही पाएया होतो. २०२१ साली व्हॅलेन्सियाच्या प्रांतिक सरकारने पाएयाला अमूर्त सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. या पदार्थाबद्दल तिकडचे लोक फार हळवे आहेत. २०१६ साली जेमी ऑलिव्हर या प्रसिद्ध इंग्रज आचाऱ्याने पाएयात चोरिसो म्हणजे मसालेदार सॉसेज घातले, तेव्हा स्पेनभर गदारोळ झाला. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत मसालेभातात पनीर आणि सिमला मिरची आली तरी कोणी चकार शब्द काढत नाही. थोडा गदारोळ आपणही करायला हरकत नाही.

आता बाजाराकडे वळू. पत्त्यात आपण माधवनगर लिहितो, बोलताना मात्र फ्रीगंजच म्हणतो. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरजवळ लष्करला नेली. तरी येथे स्थिरावलेली मराठी घरे राहिली, वाढली. पिढ्यान्‌पिढ्या आपण घरात एक आणि रस्त्यावर एक अशा दोन भाषांत राहतो, आणि त्या दोन्हींची गाठ रोज पडते ती भाजीच्या गाड्यापाशी. आजी 'घोसाळे' म्हणते, भाजीवाली 'गिलकी'. आजीची 'तोंडली' बाजारात 'कुंदरू' होतात, एखादा 'टिंडोरा'ही म्हणतो. वालपापडीला येथे 'बालोर' म्हणतात, वांग्याला 'भटा', आणि मटाराला तर अस्सल माळवी नाव आहे, 'बटला'. आजच्या मुलांना यातली बाजारातली नावे थोडीफार येतात, पण घरातली येत नाहीत. कारण सरळ आहे. भाजी आता मोबाईलवर मागवली की दारात येते. पिशवी ओट्यावर रिकामी होताना मूल तेथे नसते, आणि ते शाळेतून येईपर्यंत भाजी चिरून फोडणीला पडलेली असते. पाठ्यपुस्तकात 'दोडका' हा शब्द वाचणारा मुलगा ताटातली तुरई खात असतो, आणि दोन्ही एकच हे त्याला कोणी सांगितलेले नसते. आमच्या मते मराठी शाळेने स्वयंपाकाचा तास का घ्यावा, याचे उत्तर एवढ्यातच आहे.

म्हणून प्रत्येक मुलाला एकच वस्तू आणायला सांगितली. आदल्या रात्री तिचे मराठी नाव आजीला किंवा आईला विचारून वहीत लिहायचे, सकाळी बाजारात तिचे तिकडचे नाव विचारून शेजारी लिहायचे, भाव करायचा, वस्तू निवडायची आणि ती का निवडली हे सांगायचे. गट सातचाच ठेवला, कारण गाड्याभोवती वीस मुले उभी राहिली तर बाकीच्या गिऱ्हाइकांना वाट राहत नाही, आणि शेगडीपाशी वीस मुले म्हणजे दोन काम करणारी आणि अठरा बघणारी. सातांत चार मुलगे होते, हे मुद्दाम. व्हॅलेन्सियात रविवारचा पाएया पुष्कळ घरांत पुरुष करतात. आपल्याकडेही पंगतीचा मसालेभात आचारीच करत आले आहेत. घरच्या ओट्यावर तेवढा तो पुरुषांना का येत नाही, याचे समाधानकारक उत्तर एकाही मुलाला देता आले नाही.

बाजारात नऊच्या सुमारास गेलो. त्या वेळी माल ताजा असतो आणि विक्रेत्यांना बोलायला सवड असते. तोंडली लहान, कडक आणि गर्द हिरवी घ्यावीत. एक मोडून पाहावे. आत लाल झाले असेल तर ते पिकलेले, भातात आंबूस लागते. मटाराची शेंग दोन बोटांत दाबली की ती दाण्यांनी भरली आहे की पोकळ, हे कळते. वांगी वजनाला हलकी आणि देठ हिरवे असलेली घ्यावीत, त्यांत बिया कमी निघतात. नारळ हलवून आतले पाणी ऐकावे आणि त्याचे डोळे कोरडे आहेत ना ते पाहावे. उज्जैनसारख्या देवस्थानाच्या गावी नारळाला तोटा नाही. घरात प्रसादाचा असेल तर तोच वापरावा. ज्या मुलीच्या वाट्याला दगडफूल आले होते तिला सर्वांत जास्त हिंडावे लागले. किराणा दुकानात त्याला 'पत्थरफूल' म्हणतात. हे फूल नव्हेच. ते दगडांवर आणि झाडांच्या सालीवर वाढणारे शैवाक आहे, म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचे एकत्र राहणे. हातात घेतले तर त्याला फारसा वास नसतो, तेलात परतले की गोड्या मसाल्याचा तो ओळखीचा वास सुटतो. दुकानदाराने "तयार मसाल्याचे पाकीटच घेऊन जा ना" असा सल्लाही दिला. तो वाईट नव्हता, पण पाकिटावर दगडफूल हा शब्द बारीक अक्षरात असतो आणि तो कोणी वाचत नाही.

तांदळावर मात्र थांबावे लागते, कारण पाएया काय किंवा मसालेभात काय, सगळा खेळ दाण्याचा आहे. तांदळात दोन प्रकारचा स्टार्च असतो. अमायलोज जास्त असले की दाणा शिजूनही सुटा राहतो, अमायलोपेक्टिन जास्त असले की चिकट होतो. व्हॅलेन्सियाचा 'बोंबा' तांदूळ आखूड आणि गोलसर असतो, पण भरपूर पाणी पिऊनही फुटत नाही, म्हणून त्याला मान. आपल्याकडे मसालेभाताला काही घरांत आंबेमोहोर, काही घरांत कोलम वापरतात. येथे सहज मिळतो तो ग्वाल्हेर-डबरा भागातला कालीमूंछ. वास सुरेख, पण दाणा नाजूक. नवा असेल तर पटकन गिचका होतो. त्यामुळे जुना आहे का, हे विचारूनच घ्यावा. जुना तांदूळ कोरडा असतो, पाणी जास्त पितो आणि सुटा होतो. पुस्तकातले 'एकाला दोन' हे माप लिहिणाऱ्याच्या घरच्या तांदळाचे असते. आपल्या डब्यातल्या तांदळाचे माप एकदा वाटीभर शिजवून आपणच काढावे लागते.

शाळेत परतल्यावर एकच तांदूळ दोन भांड्यांत शिजवला. पहिले भांडे पसरट कढई, पाएयाच्या रीतीने. तिच्यात भाज्या परतून वाटीला तीन वाट्या उकळते पाणी घातले, तांदूळ एकसारखा पसरला आणि पुन्हा डाव लावला नाही. झाकणही नाही. दुसरे नेहमीचे जाड बुडाचे पातेले. फोडणी, तोंडली, मटार, वांगी, धुऊन निथळलेला तांदूळ आणि गोडा मसाला परतून वाटीला दोन वाट्या आधणाचे पाणी, आणि पाणी तांदळाच्या पातळीला आले की झाकण ठेवून मंद आच. मुलांना आधी विचारले, एकात पाणी जास्त का? उत्तर भांड्याच्या तोंडात आहे. कढई रुंद आणि उघडी, त्यामुळे बरेचसे पाणी वाफ होऊन निघून जाते. भाताचा थर बोटभरच असल्यामुळे आच सगळीकडे पोहोचते. पातेल्यात थर खोल असतो, झाकणाखाली कोंडलेली वाफ वरचा भात शिजवते आणि पाणी फारसे बाहेर जात नाही. पूर्वी पंगतीचे आचारी झाकणावर निखारे ठेवत, ते याच कारणाने. वरूनही उष्णता मिळावी म्हणून.

न ढवळण्यामागेही कारण आहे. डाव फिरला की दाणे एकमेकांवर घासतात, पृष्ठभागावरचा स्टार्च पाण्यात उतरतो आणि भात लगदाळतो. इटलीचा रिसोत्तो मुद्दाम ढवळतात, कारण त्यांना तसाच हवा असतो. पाएया न ढवळल्याने शेवटी तळाशी एक खरपूस थर धरतो, त्याला तिकडे 'सोकार्रात' म्हणतात आणि त्यासाठी भांडणे होतात. आपल्याकडे त्याला खरवड म्हणतात. 'खरवड' हा शब्द सातांपैकी एकाही मुलाला माहीत नव्हता, पण उलथन्याने ती काढण्यासाठी सातही हात पुढे आले.

घरी करून पाहणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. घरगुती शेगडीची ज्योत कढईच्या मध्यभागीच लागते, म्हणून दर दोन-तीन मिनिटांनी कढई थोडी फिरवावी. कढईतला भात अठरा ते वीस मिनिटांत होतो. पहिली आठ-दहा मिनिटे आच मोठी, मग लहान, आणि उतरवल्यावर पाच मिनिटे हात लावायचा नाही. मसालेभाताला उतरवल्यावर दहा मिनिटे तरी वाफ मुरू द्यावी, मगच तूप, ओले खोबरे, कोथिंबीर. गटातल्या कोणाला काजू, शेंगदाणे किंवा तीळ चालत नाहीत का, हे आधी पालकांना विचारावेच. गोड्या मसाल्यात तीळ असतात, हे पुष्कळांच्या लक्षात नसते. ओढण्या, सैल बाह्या शेगडीपासून दूर. आणि उरलेला भात तासन्‌तास ओट्यावर ठेवू नये. तांदळातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात ते वाढतात आणि त्यांचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. भात निवला की लगेच फ्रीजमध्ये ठेवावा. आमच्याकडे हा प्रश्न आला नाही, कारण काही उरलेच नाही.

वह्या आम्ही पाहिल्या. घरातली आणि बाजारातली नावे समोरासमोर लिहिली गेली आहेत. एका वहीत भाजीवालीनेच सांगून लिहवलेले तिसरे, तिच्या गावचे नावही आहे. दुसऱ्या एका मुलाच्या आजीने त्याला सांगितले की देशावर भाजीपाल्यालाच 'माळवे' म्हणतात, त्यावर तो दिवसभर सगळ्यांना "आपण भाजीच्या देशात राहतो" असे सांगत होता.

पुढच्या वर्गात बाफले करायचे अशी मुलांची एकमुखी मागणी आहे. त्यासाठी गहू जाडसर दळून आणावा लागेल. गोवऱ्या शाळेच्या आवारात कोठे पेटवायच्या, हा प्रश्न विश्वस्तांकडे पाठवला आहे.