वाहत्या मातीबरोबर जाणारा कार्बन

जोरदार पावसात ओढा गढूळ होतो, तेव्हा मातीबरोबर कार्बनही वाहत असतो. जमिनीच्या वरच्या एक मीटर थरात वातावरणातल्यापेक्षा अधिक सेंद्रिय कार्बन आहे आणि त्यातला जवळपास निम्मा पहिल्या ३० सेंटिमीटरमध्येच आहे. धूप नेमका हाच थर नेते.

थेंबांच्या माऱ्याने मातीची रवाळ घडण फुटते. आत दडलेला सेंद्रिय अंश उघडा पडतो, सूक्ष्मजीव तो कुजवतात आणि कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. बरीचशी माती बांधाशी, नाल्यात, धरणात साचते. गाळाखाली प्राणवायू कमी असल्याने कुजणे मंदावते व कार्बन दीर्घकाळ टिकतो. काही मात्र मिथेन होऊन निसटतो. म्हणूनच धूप एकूण कार्बन सोडते की साठवते, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

झिजलेल्या जागी काय उगवते, हेही महत्त्वाचे. मुळे आणि पालापाचोळा नवा कार्बन भरतात. खालचा मुरूम उघडा पडला की ही भरपाई रोडावते.

महाराष्ट्रात २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून धरणांत साचलेला गाळ पुन्हा शेतात जातो. त्याने जमिनीचा कस वाढतो. पण बांधबंदिस्ती आणि आच्छादन नसेल, तर तीच माती पुन्हा धरणाची वाट धरते.