चिंचोटीच्या पाटीत किती शब्द लपलेत? (संशोधनाचा प्रश्न मांडायला शिकूया)



पेट किंवा नेट-सेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "प्रश्न नीट मांडा असं सगळेच सांगतात, पण म्हणजे नक्की करायचं काय?" आज एका छोट्या खेळातून ते बघूया.

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चिंचोटी नाक्याला गाडी अडकली की पाट्या वाचण्याशिवाय काम नसतं. मागच्या पावसाळ्यात तसंच झालं. इंग्रजी पाटी समोर होती: सी, एच, आय, एन, सी, एच, ओ, टी, आय. एकूण ९ अक्षरं. सोबत मामेबहीण होती. ती म्हणाली, "दादा, या अक्षरांत किती इंग्रजी शब्द सापडतील?" घरी येऊन मी लगेच प्रोग्रॅम लिहायला बसलो आणि तिथेच चुकलो, कारण प्रश्न एक दिसत असला तरी तो तीन प्रश्नांचा गुंता आहे.

सोपं उदाहरण घ्या. सी, एच, आय, एन ही चारच अक्षरं.

१. चारही अक्षरं हवीत, वर आणखी काहीही चालेल. मग 'किचन' आणि 'मशीन' हे इंग्रजी शब्द बसतात.
२. फक्त याच अक्षरांतून बनवायचं, काही उरली तरी चालतील. मग 'इन' हा शब्दही चालतो.
३. चारही वापरायची, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. मग 'चिन' आणि 'इंच' एवढेच.

बहिणीला दुसरा प्रश्न विचारायचा होता, मी पहिल्याचा प्रोग्रॅम लिहिला होता. प्रोग्रॅम बरोबर, उत्तर मात्र भलत्याच प्रश्नाचं!

तो दुरुस्त केला, तर यादीत 'ओनियन' आला. ओ, एन, आय ही तिन्ही अक्षरं पाटीवर आहेतच की! पण कांद्याला दोन ओ आणि दोन एन लागतात, पाटीवर प्रत्येकी एकच आहे. मी फक्त 'अक्षर आहे की नाही' एवढंच तपासत होतो, 'किती वेळा आहे' हे मोजतच नव्हतो. गणितात पहिल्याला संच म्हणतात. दुसऱ्यात पुनरावृत्तीही मोजली जाते. हा फरक सुटला की निष्कर्ष चुकतो, आणि प्रोग्रॅम काही तक्रार करत नाही.

आता शोधायचं कसं? नऊही अक्षरं उलटसुलट मांडून बघायची म्हटली तर ४५,३६० रचना होतात. (९ चा क्रमगुणित ३,६२,८८०, सी, एच, आय दोनदा आल्यामुळे त्याला ८ ने भागायचं.) शिवाय कमी अक्षरांच्या रचना वेगळ्याच. त्यापेक्षा सोपी युक्ती आहे. शब्दकोशातल्या प्रत्येक शब्दाची अक्षरं वर्णक्रमाने लावून घ्या. 'चिन' आणि 'इंच' दोन्हींचं सी-एच-आय-एन होतं. ही त्या शब्दाची खूण. जॉन बेंटलींच्या १९८६ च्या 'प्रोग्रामिंग पर्ल्स' या पुस्तकात ही युक्ती छान समजावली आहे.

आता पाटीतून किती वेगळ्या खुणा निघतील? सी, एच, आय प्रत्येकी ०, १ किंवा २ वेळा घेता येतात. एन, ओ, टी प्रत्येकी ० किंवा १ वेळा. म्हणजे ३×३×३×२×२×२ = २१६. त्यातली रिकामी वगळली की २१५. फक्त २१५ वेळा कोशात डोकवायचं!

'थिन', 'नॉच', 'टॉनिक', 'कायटिन' मिळाले. सगळ्यात मोठा निघाला आठ अक्षरी 'थॉनिक'. ग्रीकमधून आलेला हा शब्द सी-एच-टी-एच-ओ-एन-आय-सी असा लिहितात. अर्थ भूमीखालचा, पाताळाशी संबंधित. पाटीतला एकच आय उरतो. पण लक्षात ठेवा, हे माझ्या शब्दयादीचं उत्तर आहे. यादी बदलली की उत्तर बदलेल, म्हणून प्रबंधात 'कुठे शोधलं' हेही लिहावं लागतं.

आणि मराठीत हाच खेळ खेळायचा असेल तर? आपल्यासाठी 'चिंचोटी' तीन अक्षरी आहे. युनिकोडमध्ये मात्र च, वेलांटी, अनुस्वार, च, मात्रा, ट, वेलांटी अशी सात चिन्हं. थेट चिन्हं क्रमाने लावलीत तर वेलांट्या अक्षरांपासून तुटतात. म्हणजे 'अक्षर' कशाला म्हणायचं, हेही आधी ठरवायला हवं.

हे सगळं खेळापुरतं आहे असं वाटतंय? माझं पहिलं वर्ष ऐका. वसईवरचे जुने संदर्भ मी 'वसई' या एकाच इंग्रजी स्पेलिंगने शोधले आणि यादी अभिमानाने मॅडमना दाखवली. त्यांनी एकच विचारलं, "यात बसीन कुठंय?" इंग्रजांच्या कागदांत वसई म्हणजे बसीन, १८०२ चा तहही त्याच नावाने ओळखला जातो. १५३४ ते १७३९ या पोर्तुगीज काळातलं स्पेलिंग आणखी तिसरंच. तीन आठवड्यांचं काम पुन्हा केलं. बसीन टाकल्यावर उलटा त्रास झाला. ब्रह्मदेशातलं पाथेन शहरही पूर्वी बसीनच होतं, आणि मुंबईजवळच्या समुद्रातलं वायुक्षेत्रही बसीनच. आधी हवं ते निसटत होतं, आता नको ते येत होतं.

म्हणून शोध सुरू करण्याआधी वहीत चार ओळी लिहा: मला नक्की काय हवंय, काय चालेल, काय चालणार नाही, आणि कुठे शोधणार आहे.

घरचा अभ्यास: आपल्या गावाच्या इंग्रजी नावाच्या खुणा किती होतात ते कागदावर मोजा. एकापेक्षा जास्त स्पेलिंग असतील तर सगळी घ्या. प्रोग्रॅम नंतर लिहा.