पिस्तुलाची नेमसाधने

पिस्तुलाची नळी लक्ष्याच्या रोखाने धरली गेली आहे किंवा नाही, हे डोळ्यास दाखविणाऱ्या साधनांना नेमसाधने म्हणतात. स्वसंरक्षणासाठी बाळगावयाच्या पिस्तुलांवर ती तीन प्रकारची आढळतात : धातूची माशी व खाच, प्रकाशीय ठिपकादर्शक आणि लेसर. त्यांपैकी दोन किंवा तिन्ही एकत्र बसविण्याची पद्धत प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वाढीस लागली. तिन्ही साधने एकच दिशा दाखवीत असली, तरी डोळ्याकडून त्यांची अपेक्षा वेगवेगळी असते व ती वेगवेगळ्या कारणांनी निकामी होतात. त्यांच्या संयोगाचा लाभ व त्यातील अडचणी यांतूनच उद्‌भवतात.

माशी म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या बाजूस पुढे असलेला उभा खुंट. तो मागील खाचेत मधोमध व समपातळीत आणून लक्ष्यावर धरावयाचा असतो. खाच, माशी व लक्ष्य ही तीन निरनिराळ्या अंतरांवर असतात आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. म्हणून दृष्टी माशीवर ठेवून लक्ष्य अंधुक दिसू द्यावे, असा नेमबाजांचा जुना दंडक आहे. चाळिशीनंतर डोळ्याची समायोजनशक्ती घटते व माशीच अंधुक दिसू लागते. खाच व माशी यांमधील अंतर पिस्तुलात सु. १६ सेंमी. एवढेच असल्याने माशी १ मिमी. सरकली, तर १० मी. अंतरावर गोळी ६ सेंमी.हून थोडी अधिक दूर जाते.

ही अडचण ठिपकादर्शकाने दूर होते. आयरिश दुर्बिणनिर्माते हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली याच्या मूळ तत्त्वाचे एकस्व घेतले. अंतर्गोल काचेच्या केंद्रस्थानी ठेवलेल्या प्रकाशबिंदूचे किरण काचेवरून परावर्तित होऊन समांतर निघतात. त्यामुळे बिंदू अतिदूर असल्यासारखा, लक्ष्यावरच टेकलेला दिसतो व दृष्टी लक्ष्यावर ठेवता येते. डोळा थोडा बाजूस सरकला, तरी ठिपका लक्ष्यावरून फारसा हलत नाही. स्वीडनमधील एमपॉइंट या कंपनीने १९७५ मध्ये प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थ वापरून असे विद्युत् साधन विक्रीस आणले. पिस्तुलाच्या सरकत्या भागावर (स्लाइडवर) बसण्याइतके ते लहान व धक्का सोसणारे होण्यास मात्र बराच काळ लागला. अमेरिकी भूसेनेने २०१७ मध्ये निवडलेल्या नव्या पिस्तुलात ते बसविण्याची सोय होती. या साधनाचेही दोष आहेतच : काचेवर पावसाचा थेंब किंवा प्रकाशबिंदूवर धूळ पडल्यास ठिपका विस्कटतो, विद्युत् घट संपल्यास नाहीसा होतो आणि डोळ्यात अबिंदुकता असणाऱ्यास तो फाटलेल्या चांदणीसारखा दिसतो.

लेसर [⟶ लेसर] याच्या अगदी उलट असतो. तो खूण काचेत दाखवीत नाही, तर लक्ष्यावरच उमटवितो. पिस्तूल डोळ्यासमोर आणणे शक्य नसेल, उदा., आडोशामागे किंवा जमिनीवर पडलेल्या स्थितीत, तेथे त्याचा खरा उपयोग होतो. प्रखर उन्हात तांबडा ठिपका सहसा दिसत नाही. डोळा हिरव्या प्रकाशास अधिक संवेदनशील असल्याने हिरवा अधिक दूरवर दिसतो.

या साधनांचा मेळ घालताना भूमिती विसरून चालत नाही. समजा, लेसर नळीच्या ४ सेंमी. खाली आहे व त्याचा किरण १० मी. अंतरावर नळीच्या रेषेस मिळेल असा जुळविला आहे. २० मी. अंतरावर तो नळीच्या रेषेच्या ४ सेंमी. वर जाईल, गोळीचे पतन धरून ती ठिपक्याच्या ५ ते ६ सेंमी. खाली लागेल. शिवाय माशी, खाच व ठिपकादर्शक सरकत्या भागावर, तर लेसर सामान्यतः खालच्या सांगाड्यावर असतो. या दोहोंच्या जोडातील ढिलाईही त्यात मिळते. म्हणून प्रत्येक साधन गोळ्या झाडून स्वतंत्रपणे जुळवावे लागते; एकास दुसऱ्यावरून जुळविणे हा आळसच होय.

ठिपकादर्शकाच्या चौकटीआड नेहमीची माशी झाकली जाते. त्यामुळे उंच माशी व खाच बसवितात किंवा स्लाइड कोरून दर्शक खाली बसवितात. मनगट थोडे कलले, तरी ठिपका काचेतून पार नाहीसा होतो व तो कोणत्या बाजूस गेला हे कळत नाही. माशी मात्र चूक कोणत्या दिशेस आहे ते दाखविते. ती ठेवण्याचे हे कारण, घट संपण्याच्या भीतीइतकेच महत्त्वाचे आहे. नवशिका मात्र माशी, खाच व ठिपका तिन्ही एका रेषेत आणत बसतो व वेळ गमावतो. त्यातच लेसरही चालू असेल, तर दृष्टी दोन ठिपक्यांमध्ये भरकटते. यासाठी एक साधन मुख्य मानून बाकीची राखीव ठेवणे इष्ट ठरते.

समोरचा इसम कोण आहे, हे यांपैकी एकही साधन सांगत नाही. रात्री घरातील आवाजाने जागा झालेला मनुष्य अंधारातील आकृतीवर लेसरचा ठिपका अचूक टेकवू शकेल; पण ती आकृती चोराची की स्वतःच्या मुलाची, हे ओळखण्यास उजेडच हवा. तो दिवा पिस्तुलावरच बसविला, तर ओळख पटण्यापूर्वीच नळी त्या व्यक्तीवर रोखली जाते. म्हणून हातातील वेगळी विजेरी आवश्यक ठरते.

चाप ओढताना बसणारा हिसकाही कोणत्याच नेमसाधनाने सुधारत नाही. लेसर तो केवळ दाखवितो. या गुणाचा शिक्षणात चांगला उपयोग होतो : रिकाम्या पिस्तुलाचा लेसर सुरक्षित भिंतीवर धरून चाप ओढल्यास ठिपका ज्या दिशेने उडतो, तीवरून बोटाचा व मुठीचा दोष कळून येतो.