सरोवरानें सांभाळलेलीं विमानें

बुडालेलें विमान संपलें, असें मानण्याची घाई करूं नये. दुसऱ्या महायुद्धांत शिकागोजवळ मिशिगन सरोवरांत अमेरिकन नौदलाचे शिकाऊ वैमानिक 'वुल्व्हरिन' व 'सेबल' या नौकांवर उतरण्याचा सराव करीत. मूळच्या या उतारूंच्या आगबोटी. त्यांवर विमानांसाठीं सपाट तक्तपोशी चढविलेली. अंदाज चुकला कीं विमान पाण्यांत! अशीं शंभराहून अधिक विमानें तळाशीं गेलीं. कांहीं वैमानिकही दगावले.

समुद्राच्या खाऱ्या पाण्यानें ॲल्युमिनियम खाऊन टाकलें असतें. सरोवराच्या थंड, गोड्या पाण्यांत तें टिकलें. 'डॉन्टलेस' जातीचें २१०६ क्रमांकाचें बाँबफेकें विमान पाहा. जून १९४२ मध्यें मिडवेच्या लढाईंतून तें २०० हून अधिक भोकें घेऊन परतलें, डागडुजी होऊन शिक्षणाच्या कामीं लागलें आणि जून १९४३ मध्यें या सरोवरांत बुडालें. शत्रूला जें साधलें नाहीं, तें नवशिक्यानें साधलें! १९९४ सालीं तें वर काढण्यांत आलें व दुरुस्तीनंतर पेन्साकोला येथील नौदलाच्या विमान-संग्रहालयांत मांडण्यांत आलें.

उरलेल्या सांगाड्यांवर मात्र परदेशांतून आलेल्या क्वागा शिंपल्यांचे थर चढत आहेत. विमानें अद्याप नौदलाच्या मालकीचीं; तीं काढावयास त्याची परवानगी आणि पुष्कळ पैसा लागतो. शिंपल्या तोंवर थांबत नाहींत.