जुन्या बुलेटची किक

काल कोल्हारमध्ये प्रवरेच्या पुलाजवळ एक तरुण आजोबांच्या जुन्या बुलेटला किकवर किक मारत होता. पाय सुजेल, पण गाडी अशी सुरू व्हायची नाही.

उजव्या पायाला गिअर असलेल्या, पॉइंटवाल्या ३५० बुलेटमध्ये हेडलाइटवर अँपिअर मीटर असतो. त्याचा काटाच वाट दाखवतो.

चावी चालू करा. किक हळूहळू दाबा. काटा मायनसकडून मध्यावर आला की थांबा; पॉइंट उघडले, पिस्टन वर आला. आता डीकॉम्प्रेसर ओढून किक थोडीशी पुढे ढकला. डीकॉम्प्रेसर सोडा, किक वर येऊ द्या आणि मग पूर्ण ताकदीने एकच मारा. ज्याला हे जमलं, त्याला बटनस्टार्टची उणीव भासत नाही!

ऑइलबाबत एक गोष्ट आवर्जून सांगतो. रात्रभर उभ्या गाडीचं ऑइल टाकीतून क्रँककेसमध्ये झिरपतं, म्हणून सकाळी डिपस्टिक कमी दाखवते. लगेच ओतू नका. थोडं फिरवून आणा, मग बघा. नाहीतर जास्तीचं ऑइल ब्रीदरमधून बाहेर येतं.

ऊसतोडीच्या हंगामात नगर-मनमाड रस्त्यावर धूळ फार. तेव्हा एअर फिल्टर आणि चेन नेहमीपेक्षा लवकर बघा. चेन रॉकेलने पुसून ९० नंबरचं ऑइल लावा, साधारण इंचभर ढील ठेवा. ताणलेली चेन बेअरिंग खाते.

तुमच्या गाडीचं काही अडलं असेल तर मॉडेलचं साल टाकून खाली विचारा.