फोटोत न दिसलेला डोळा

पंचवीस-तीस वर्षं मी नांदेडला इतवाऱ्यात फोटो काढले. बी. ए. झालो, कविता करू लागलो आणि पोटासाठी कॅमेरा हाती घेतला. लग्नं, साखरपुडे, पासपोर्ट, शाळांचे ग्रूप फोटो हे सगळं होतंच. पण स्टुडिओचं भाडं निघायचं ते स्थळासाठी काढलेल्या फोटोंवर. मुलगी सावळी असली की उजेड थोडा वाढवायचा. एक डोळा किंचित बारीक असला तर मान वळवायची आणि तो डोळा सावलीत जाऊ द्यायचा. आईबाप खूश, मुलगी खूश, मीही खूश. पुढं बघण्याच्या कार्यक्रमात काय झालं, हे विचारायला मी कधी गेलो नाही.

हे आज आठवायचं कारण एक काळी कुत्री.

माझी लेक लातूरला दिली आहे. तिथं गावाबाहेर, शेताच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये काही तरुण पोरं-पोरी जखमी आणि टाकून दिलेल्या जनावरांसाठी निवारा चालवतात. लेकीनं फोन केला, "अब्बा, रविवारकू आतेच ना? कॅमेरा लेको आव. पिल्लों के फोटू निकालने के हैं."

मी जरा चरकलो. आमच्याकडे कुत्रा घरात घेत नाहीत. त्याची लाळ कपड्याला लागली तर तो धुतल्याशिवाय त्यावर नमाज नाही. पण कुत्र्याला घरात घ्यायचं नाही म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडायचं, असंही कुणी शिकवलेलं नाही. कुरआनात गुहेत झोपी गेलेल्या तरुणांची गोष्ट आहे. तिथं उंबऱ्याशी पुढचे पाय पसरून बसलेला त्यांचा कुत्राही आहे. मी पिशवीत एक जादा कुडता-पायजमा टाकला आणि एसटीत बसलो.

तिथं गेल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की निवाऱ्यातलं प्रत्येक कुत्रं दत्तक द्यायचं नसतं. रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि त्याला उचललं तिथंच परत सोडायचं, असं २०२३ चे केंद्राचे नियम सांगतात. शस्त्रक्रिया झाल्याची खूण म्हणून कानाला खाच पाडतात. पुष्कळांना वाटतं, कान कुणीतरी फाडला. तसं नाही, ती खाच म्हणजे त्याचं प्रमाणपत्र. घर शोधायचं ते आई नसलेल्या पिल्लांसाठी, मालकानं सोडून दिलेल्या पाळीव कुत्र्यांसाठी आणि रस्त्यावर पुन्हा तग धरू न शकणाऱ्या अधूंसाठी. त्यात २०२५ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं अशा ठिकाणची कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवायला आणि तिथं परत न सोडायला सांगितलं. म्हणजे शेडमधली जागा आणखी मोलाची झाली. एक कुत्रं घरी गेलं, की दुसऱ्याला जागा होते. एका फोटोवर एवढं अवलंबून असतं.

जनावराचा फोटो आपल्या भागाला नवा नाही. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत मी लाल कंधारी वळूंचे, देवणी गाईंचे, घोड्यांचे आणि लातूरकडच्या सडपातळ कारवानी कुत्र्यांचे फोटो काढले आहेत. ते काढायचे आडवे, एका बाजूनं: पाठीची रेघ, पायांची ठेवण, कारवानीची आत ओढलेली कंबर नीट दिसली पाहिजे. तो किमतीचा फोटो. निवाऱ्यातल्या कुत्र्याला किंमत नसते आणि बहुतेकांना जातही नसते. तिथं दाखवायचा असतो स्वभाव.

मुंबईच्या 'वर्ल्ड फॉर ऑल' या संस्थेसाठी अमोल जाधव यांनी काढलेली काही छायाचित्रं २०१७ साली जगभर पाहिली गेली. घरातली माणसं जवळजवळ बसलेली, मागं उजेड, आणि दोन माणसांमधल्या मोकळ्या जागेला नीट पाहिलं तर ती कुत्र्याच्या, मांजराच्या, सशाच्या आकाराची. तुमच्या घरात अजून एकाला जागा आहे, एवढंच म्हणणं. फार सुंदर कल्पना. पण त्या जागेत येणार कोण, कसं, हे सांगायचं काम निवाऱ्यातल्या साध्या फोटोचं.

ते काम दिसतं तितकं सोपं नाही. मी पहिल्या दिवशी उभा राहून फोटो काढले, ते सगळे डोक्याचे आणि पाठीचे आले. मग जमिनीवर पोटावर झोपलो. कुत्र्याच्या डोळ्याच्या पातळीवर भिंग आलं, की ते आपल्या बरोबरीचं दिसतं. फ्लॅश मारायचा नाही. कुत्र्याच्या डोळ्यात मागं आरशासारखा पडदा असतो, उजेड पडला की डोळे हिरवे-पिवळे चमकतात आणि गरीब जनावर भुतासारखं दिसतं. जाळीआडून फोटो काढायचा नाही, नाहीतर कैदी वाटतं. भिंग त्याला मोठ्या डोळ्यासारखं वाटत असावं, रोखून धरलं की मान फिरवतं. म्हणून आधी कॅमेरा खाली ठेवून हुंगू द्यायचा आणि प्लास्टिकची पिशवी खुळखुळवून वाट पाहायची. कान मागं चिकटलेले, शेपूट पायांत, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय, सारखं ओठ चाटतंय, तर ते घाबरलं आहे. बटण दाबू नये. अमेरिकेत २०१५ साली छापून आलेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की उघड्यावर, उभं राहून, कॅमेऱ्याकडे पाहणारं कुत्रं लवकर घरी जातं. लग्नाच्या बाजारात मी हे आधीच शिकलो होतो, एवढंच.

काळं कुत्रं सर्वांत अवघड. मागं आपलं मराठवाडी पांढरं आभाळ असलं तर कॅमेरा त्या उजेडाला भुलतो आणि कुत्र्याचा कोळसा होतो. त्याला झाडाच्या सावलीत घ्यायचं, मागं मातीची भिंत किंवा हिरवा पाला ठेवायचा, उजेड तोंडाच्या बाजूनं येऊ द्यायचा. मग काळ्या केसांतही तपकिरी, निळसर झाक दिसू लागते.

त्या काळ्या कुत्रीला मी असंच लिंबाखाली बसवलं. तिच्या डाव्या डोळ्यात फूल पडलेलं होतं. बहुधा कुणी दगड मारलेला. माझ्या हातानं सवयीनं काम केलं. मान थोडी वळवली, उजवा डोळा उजेडात, डावा सावलीत. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या फोटोंपैकी तो एक. दोन दिवसांत अकरा फोन आले, आणि नांदेडच्या एका कुटुंबानं तिला नेलं. निवाऱ्यातल्या मुलीनं डोळ्याचं सांगितलं होतं, पण त्यांच्या मनात फोटो बसला होता.

अठराव्या दिवशी ते तिला परत घेऊन आले. चिडलेले नव्हते, ओशाळलेले होते. "लेकरं डाव्या बाजूनं आली की दचकते, गुरगुरते. घरात लहान पोर आहे, भीती वाटते." ती गाडीतून उतरली आणि शेडच्या कोपऱ्यात, पूर्वीच्याच जागी जाऊन बसली. दोन दिवस भाकरीला तोंड लावलं नाही. त्यांचा दोष नव्हता. फोटो माझा होता.

पुढच्या रविवारी मी तिचा पुन्हा फोटो काढला. समोरून, उभी, दोन्ही डोळे दिसतील असा. उंचीचा अंदाज यावा म्हणून शेजारी पाण्याची बादली ठेवली. दया यावी असा काढायचाही मोह होतो, डोळा जवळून घेऊन. तसे फोटो पाहून लोक हळहळतात आणि पुढं जातात. हळहळ घरी नेता येत नाही. खाली लिहिलं : डावा डोळा नाही. आधी हाक मारावी, मग हात लावावा. मांजर खपत नाही.

महिनाभर एकही फोन आला नाही. शेडमध्ये नवी पिल्लं आली, जागा कमी पडू लागली. ती मुलगी एकदा हळूच म्हणाली, "काका, जुना फोटो लावून बघायचा का?" मी तिला नाही म्हणालो नाही. हो म्हणायलाही जीभ उचलेना. त्या रात्री लेकीकडे झोप लागली नाही.

आठवड्यानं औशाहून एका किराणा दुकानदाराचा फोन आला. फोटोबद्दल काहीच बोलले नाहीत. विचारलं, "गेलेला डोळा तिचा डावा का आपल्या बघण्यातला डावा?"

"तिचा डावा," मी म्हणालो.

"मग दुकानात माझ्या उजव्या हाताला बसवावं लागंल," ते म्हणाले. "तिकडं भिंत आहे. गिऱ्हाईक सगळं तिच्या उजव्या अंगानं येतंय."